प्लेट चिकटवणारी

४ जून

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि धाकट्या बहिणीनं जबरदस्तीनं कोंबलेला बिस्किटांचा डबा, एवढा संसार घेऊन मी नव्या गावात दाखल झाले. खोली लॉन्ड्रीच्या वर आहे, जिन्यात सतत गरम इस्त्रीचा वास. मालकीणबाईंनी किल्ली देताना बजावलं की गॅलरीत ओले कपडे टाकायचे नाहीत, खालच्या लॉन्ड्रीवाल्याला राग येतो. मी मान डोलावली आणि संध्याकाळी दोन टॉवेल टाकले.

हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे. एन्डोस्कोपीचा विभाग पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला. आधीच्या ठिकाणी मी इतर टेक्निशियनांच्या मागे उभी राहून टाचा उंच करत होते. इथे टेक्निशियन मी एकटीच. म्हणजे दुर्बिणी धुणं माझं, तारा जोडणं माझं आणि कॉटरी मशीन तर सर्वस्वी माझं. आई असती तर म्हणाली असती, वासरात लंगडी गाय शहाणी. लंगडी तर लंगडी, पण गाय झाले ना!

धाकटीला फोन केला. आई गेल्यापासून तिला मीच वाढवलं, आणि आता बाईसाहेब बालवाडीत शिकवतात म्हणून मलाच शाब्बास म्हणतात. खोलीचा फोटो पाठवला तर उलट एक सोनेरी चांदणी पाठवून दिली.

५ जून

आज माणसं कळली. डॉक्टर, म्हणजे सर, हाताचे सोन्यासारखे आणि जिभेचे विंचवासारखे. दुर्बीण आत गेली की त्यांची नजर पडद्यावरून हलत नाही, शेजारी कुणी चक्कर येऊन पडलं तरी म्हणतील, पाय बाजूला घ्या. इन्चार्ज सिस्टर मात्र मऊ. मला स्वतःच्या कपातला चहा ओतून दिला, जेवलीस का विचारलं, केसांना जाळी नीट लावून दिली. तिसरी झाडणारी मावशी. ती माझ्याकडे बघते आणि मान वळवते. असेल एकेकाचा स्वभाव.

ही वही कधी कुणी वाचलीच तर त्याच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून कॉटरी काय असते ते लिहून ठेवते. आतड्यात कोंब, म्हणजे पॉलिप, उगवला की सर दुर्बिणीतून तारेचा फास टाकतात, तो आवळतात आणि पायानं पेडल दाबतात. पिवळं पेडल कापायला, निळं रक्त थांबवायला. तारेतून करंट आत जातो. आत गेलेला करंट बाहेरही पडायला हवा, म्हणून पेशंटच्या मांडीवर तळहाताएवढी चिकट प्लेट लावायची. दार रुंद असलं की गर्दी निवांत बाहेर पडते, अरुंद असलं की चेंगराचेंगरी होते. प्लेट नीट लागली नाही तर सगळी उष्णता एका जागी गोळा होते आणि कातडी जळते. झालं, एवढंच शास्त्र.

इथली पद्धत गमतीची आहे. प्लेट एकाच माणसानं चिकटवायची, दुसऱ्या कुणी बोटही लावायचं नाही. इन्चार्जनी पहिल्याच केसला प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आजपासून हे काम तुझं, चारी कोपरे तळहातानं दाबायचे. मी दाबले. तेवढ्यात वर पाहिलं तर सगळ्यांचे हात पाठीमागे. नर्स, मावशी, स्वतः इन्चार्ज, सगळ्या शाळेत शिक्षा झाल्यासारख्या उभ्या. मला हसू फुटलं. एक हात, एक जबाबदारी, असं इन्चार्ज म्हणाल्या. मला पटलं.

९ जून

आठवड्यात मशीनची अब्रू कळली. पेटी माझ्या वयाची असावी. प्लेट सुटली तर शिटी वाजायला हवी, ती शिटीची वायरच कुणीतरी उपटून ठेवली आहे. प्लेटा तारीख उलटून गेलेल्या, गोंद सुकून पापड झालेला.

सरांना जाऊन स्पष्ट सांगितलं. मी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली नाही. सर हात पुसत म्हणाले, "जळालेला एक पेशंट दाखव, उद्या नव्या प्लेटा मागवतो." मी इन्चार्जकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं की खरंच, इथे आजवर एकही पेशंट जळलेला नाही. मोठमोठ्या हॉस्पिटलांत होतं कधीमधी, इथे नाही. मला आत कुठेतरी अभिमानच वाटला. नशीबवान विभाग म्हणायचा.

१२ जून

आज घाबरगुंडी उडाली. एक जाडजूड पेशंट, घामानं निथळत होता. कोंब मोठा, सरांनी निळं पेडल दाबून धरलं ते सोडेचनात. मध्येच चादर सरकली आणि पाहते तर प्लेट अर्ध्याहून जास्त उचकटलेली, एका काठावर लटकलेली. मी ओरडले. सर म्हणाले, झालंच. मी प्लेट काढली. आता फोड दिसणार, आता कातडी सोलून हातात येणार.

काही नाही. मांडी लहान मुलाच्या गालासारखी स्वच्छ. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मी भिंतीला टेकले. मावशी मात्र मांडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी अंघोळ करताना उजव्या मांडीला पाणी झोंबलं. तिथे लाल चट्टा आहे. चौकोनी, कोपरे गोलसर, एका काठाला गडद. नवीन साबणाचं असेल.

१५ जून

साबण नव्हे. काल पेशंटच्या डाव्या मांडीवर प्लेट लावली, आज माझ्या डाव्या मांडीवर चौकोन. त्याला बारीक फोड आहेत. पेशंटच्या प्लेटचा एक कोपरा दुमडला होता; माझ्या चौकोनाचाही एक कोपरा नाही.

बर्नॉल लावलं. धाकटीला सांगितलं नाही. ती लगेच बॅग भरून निघेल आणि तिच्या बालवाडीतली पोरं तिच्या नावानं भोकाड पसरतील. शिवाय सांगू तरी काय? माझं डोकं फिरलंय असं सांगू?

मन म्हणतं, तू काहीतरी जोडते आहेस. मन शहाणं आहे. पण चालताना कपडा मांडीला घासतो तेव्हा ते गप्प बसतं.

१९ जून

आता पेडल दाबलेलं मला न बघता कळतं. पिवळं म्हणजे पोटात कुणीतरी दोरा ओढल्यासारखं. निळं सावकाश. निळं म्हणजे आत काहीतरी आटत जातं, आणि ते आटताना मला त्याचा वास येतो. आज एका बाईच्या जठरातून रक्त येत होतं. सरांनी निळं पेडल दाबलं, थांबले, दाबलं, थांबले. मी ट्रे धरून उभी होते. प्रत्येक वेळी गुडघे मोडत होते. ट्रे खणखणला तसे सर म्हणाले, नाचायचं असेल तर बाहेर जा.

ती बाई दुपारी घरी गेली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली की तिला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

२२ जून

मावशीला कोपऱ्यात गाठलं. फरशी पुसता पुसता खाली मान घालून बोलली. माझ्याआधी इथे एक मुलगी होती. तिच्याही मांड्या अशाच झाल्या. पुढे पोटातून रक्त जायला लागलं. सरांनी तिची केस इथेच, याच टेबलावर घेतली. ती टेबलावरून उठली नाही. त्यानंतर इथे कापणं बंदच होतं, मी येईपर्यंत. आता कळलं, लवकर या, लवकर या असे दोन-दोन फोन मला का आले ते.

मावशीला म्हटलं, उद्या एक प्लेट तू दाबशील का, एकच. ती बादली तिथेच टाकून गेली. पाणी सगळ्या फरशीभर झालं. ते मीच पुसलं.

२३ जून

इन्चार्जनी कपडे बदलायच्या खोलीत दार लावून घेतलं आणि साडी वर केली. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत चौकोनावर चौकोन. जुने, पांढरे पडलेले, चिंध्यांची गोधडी असावी तसे. नवा एकही नाही.

त्यांनी काही लपवलं नाही. इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं चहाच विचारताहेत.

"करंट कुठून तरी बाहेर पडणारच. इथे तो पेशंटमधून पडत नाही. प्लेटला ज्याचा हात शेवटचा लागला, त्याच्यातून पडतो. खूप वर्षं माझ्यातून गेला. मग मी तुझ्याआधीच्या पोरीला दिला. तिला पुढे द्यायला सांगितलं, तर म्हणाली, मी कुणाला देणार नाही. बघ काय झालं. तिची स्वतःची केस होती आणि हात तिचाच शेवटचा. आत सोडलेला करंट तिच्यातच फिरत बसला."

मी विचारलं, सरांना माहीत आहे का. त्या म्हणाल्या, सर फक्त पडद्याकडे बघतात.

मी म्हटलं की मी उद्यापासून येणार नाही. त्यांनी माझी बटणं लावून दिली, एक खालीवर लागलं होतं ते. म्हणाल्या, "लवकर कुणालातरी दे. आणि देताना रडू नकोस. रडलं की समोरची सावध होते."

मला त्यांचा चहा आठवला, केसांची जाळी आठवली. इतकी चीड आली की दार आपटून बाहेर पडले. चीड येते आणि त्याच वेळी हेही कळतं की मला प्लेट दिली त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या.

२४ जून

गेले नाही. दार लावून खोलीत पडून राहिले. मी नसेन तर दुसरं कुणीतरी चिकटवेल, आणि सुटेन.

सकाळी खाली इस्त्र्या सुरू झाल्या, आणि पोटात पिवळं. मग निळं. मग खूप वेळ निळं. उशी तोंडात धरली. दुपारी फोन केला तर नर्सनं सांगितलं, प्लेटला कुणी हात लावलाच नाही. जुनी पत्र्याची प्लेट होती, ती पेशंटच्या खाली सरकवली, चिमट्यानं. म्हणजे शेवटचा हात अजून माझाच. चिमट्यानं! किती काळजी घेतात एकमेकींची.

२६ जून

कात्रीनं कॉटरीची वायर कापली. सगळ्यांसमोर. वाटलं होतं हाकलतील, पोलीस बोलावतील, काहीतरी होईल. सर म्हणाले, दुसरी आणा. कपाटात दुसरी होती. इन्चार्जनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

धाकटीचा फोन आला होता. उचलला नाही.

२८ जून

आज देणार होते. लिहून टाकते, मी आज देणार होते.

पेशंट म्हातारा, बरोबर त्याची मुलगी. वडिलांचा हात सोडेना. मी तिला आत घेतलं, टोपी दिली, गाऊन दिला. म्हटलं, ही एवढी प्लेट दाबा, वडिलांना धीर येईल. तिनं हात पुढे केला. नखं कुरतडलेली. मी प्लेट तिच्या हाताखालून ओढून घेतली आणि तिला बाहेर घालवलं. स्वतः चिकटवली.

इन्चार्ज हळूच म्हणाल्या की मी त्या आधीच्या पोरीसारखीच मूर्ख आहे.

आहे. मूर्ख आहे आणि बरंही वाटतंय. आई, बघ, लंगडी का असेना —

नंतर तीन केस झाल्या. अक्षर नीट येत नाही.

१ जुलै

उलटीत रक्त. कॉफीच्या गाळासारखं. हे काय असतं ते मला पाठ आहे.

दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं. सकाळी लवकर. इथली पहिली केस सुरू व्हायच्या आत बस पकडायची.

२ जुलै

स्टॉपपर्यंत पोचले. बस दिसतही होती. तेवढ्यात निळं —

लोकांनी उचललं. भली माणसं. जवळच्या हॉस्पिटलात आणलं. जवळचं म्हणजे हेच.

३ जुलै

सरांनी आत बघितलं, नुसती दुर्बीण, करंट नाही. जठरात व्रण, एकाशेजारी एक, रक्त पाझरतंय. म्हणाले, इतके सुबक भाजलेले व्रण आयुष्यात पाहिले नाहीत. मला पडदा दाखवला. उद्या जाळून बंद करणार. कॉटरीनं.

सांगितलं. सगळं सांगितलं. प्लेट, हात, ती पोरगी. सर म्हणाले, रक्त कमी झालं की माणूस असंच बोलतो. झोपेचं इंजेक्शन द्या.

उद्या मी टेबलावर आणि हात माझाच शेवटचा. आत सोडलेला करंट माझ्यातच —

मला मरायचं नाही. मी खूप घाबरले आहे. मला मरायचं नाही.

४ जुलै, सकाळ

इन्चार्ज आल्या. केस विंचरले. म्हणाल्या, काळजी करू नकोस, मी केली आहे सोय. ती सोय त्यांनी माझ्याच फोनवरून केली होती. प्लेट त्या स्वतः लावणार नाहीत. कुणीच लावणार नाही. मग कोण —

दारात धाकटी.

मी ओरडले. निदान ओरडायला तोंड उघडलं. कालच्या नळीनं आणि रात्रभरच्या उलट्यांनी आवाजच राहिला नाही. तिला वाटलं, मी आनंदानं रडते आहे.

नंतर

ती बडबडते आहे. काल बालवाडीतून तशीच निघाली, हाताला निळा रंग लागलेला, धुवायलाही थांबली नाही. मला रागावली, एवढं होईपर्यंत सांगितलं का नाहीस, मी काय परकी आहे का. मी लिहिते आहे म्हणून हसली, ताई, मरतानाही रोजनिशी लिहिशील तू. मग जीभ चावली आणि रडायला लागली.

इन्चार्ज म्हणाल्या, रडायचं नाही. त्यांनी तिला गाऊन घातला. बटणं लावून दिली.

तिला लिहून दाखवायचं. वही फिरवायची, एवढंच. एक ओळ. हात लावू नकोस, पळ. हात चालतोय, वही माझ्याच मांडीजवळ आहे, ती दोन बोटांवर —

नंतर. आधी जरा श्वास —

मला टेबलावर घेतलंय. इन्चार्ज तिला शिकवताहेत. असा तळहात, सपाट. सगळ्यांचे हात मागे.

धाकटी मांडीवरचे चौकोन बघून दचकली. हे काय गं ताई? इन्चार्ज म्हणाल्या, औषधाची ॲलर्जी. तिनं त्यातल्या त्यात बरी जागा शोधली. हळूच. मला दुखू नये म्हणून फुंकर घालते आहे.

पहिला कोपरा लागला.

पोटातली आग — एकदम उतरली. इतके दिवस, आणि एकदम. पाणी प्यायल्यासारखं.

दुसरा.

आता. आताच. वही फिरव. फिरव ना गं. तिला मी वाढवलं. मी —

तिसरा. काही दुखत नाही. कुठेच काही दुखत नाही. खोल श्वास घेता येतो. मी विसरले होते श्वास कसा —

धाकटीनं हात उचलला. झालं का, नीट लागली ना, असं मला विचारते आहे. चौथा कोपरा वर राहिलाय. तिला दिसला नाही. पोटात पुन्हा धग यायला लागली, थोडी, अगदी थोडी —

मी मान हलवली. नाही म्हणून. बोटानं दाखवलं, तो कोपरा, तोही